मोटर वाइंडिंगच्या दुकानातली गिटार

हिंगणघाटात माझं मॅचिंग सेंटर आहे. बायका पिशवीतून साडी आणतात, मी तिच्यावर ब्लाउजपीस काढून देते. अस्तर, फॉल, पिको हेही माझ्याकडेच. पन्नाशी ओलांडलेली ही बाई गिटार शिकायला निघाली तेव्हा अख्ख्या गावाने तोंडात बोट घातलं, असं मी सगळ्यांना सांगते. माझा नवरा म्हणतो, गावात फक्त तीन माणसांना ठाऊक होतं आणि त्यांतल्या दोघांना मीच सांगितलं होतं. त्याच्याकडे लक्ष देऊ नका. गोष्ट माझी आहे.

तर आमचं भजनी मंडळ आहे. नऊ बायका. पुढारी मावशी. मावशी माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत, त्या सगळ्या मोहल्ल्याच्या मावशी. वय सत्तरीच्या पुढे, आवाज एवढा खणखणीत की भाजीवाला गल्लीच्या तोंडाशी असतानाच त्याला भाव पटवून देतात. मावशींचं माहेर रोहण्याचं. तिथल्या देवळात दर मार्गशीर्षात सप्ताह असतो आणि त्या आठवड्यात भजन एक क्षणही थांबत नाही. रात्र नाही, दिवस नाही. दोन-दोन तासांचे पहारे वेगवेगळ्या मंडळांना वाटून दिलेले असतात. दुपारी तीन ते पाच हा पहारा आमचा. मावशी लग्न होऊन हिंगणघाटला आल्या, त्यांनी इथे मंडळ उभं केलं आणि तेव्हापासून तो पहारा आमच्याकडे आहे. वर्षातून एकदा, दोन तास, मावशी आपल्या माहेरच्या देवळात गातात. बाकीचं वर्ष त्या दोन तासांची तयारी असते म्हटलं तरी चालेल.

यंदा आमची पेटीवाली पुण्याला लेकाकडे राहायला गेली. पेटी तिची होती, ती पेटीही गेली.

पेटी नसली की काय होतं ते आम्हाला कार्तिकी एकादशीला कळलं. शेजारच्या आळीत दुपारचं भजन होतं. सुरुवात झकास झाली. मग मावशींना रंग चढला, रंगाबरोबर सूर चढला आणि अर्ध्या तासात आमची अशी अवस्था झाली की चार बायका गच्चीवर, तीन जिन्यात आणि दोघी अजून अंगणातच. ऐकणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मावशींनी ते पाहिलं. घरी येताना रस्त्यात भाजीवाला भेटला, पण त्यांनी भाव केला नाही. मावशी भाव करत नाहीत म्हणजे काहीतरी गंभीर असतं.

माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून शेवटी म्हणाल्या, "रोहण्याच्या पहाऱ्यात असं झालं तं मी आपला पहारा परत करून टाकीन. मले माह्याच माहेरात हसं नाई करून घ्याचं. मग मंडळ बी बंद."

आणि माझं तोंड! माझं तोंड माझ्या आधी धावतं, लहानपणापासून.

"मी वाजवीन," मी म्हणाले.

"काय वाजवशीन? तुले टाळ्या बी धड येत नाई."

"गिटार!"

कारण गिटार घरात होती. मुलीने इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला हट्टाने घेतलेली, बारा दिवस वाजवलेली आणि तेव्हापासून कपाटावर आडवी झोपलेली. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं जसं आपण मरून साडीवर पोपटी ब्लाउज मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतो. पण 'नको' म्हणाल्या नाहीत. दुसरा इलाज काय होता?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गिटार काखोटीला मारून रस्ता ओलांडला.

माझ्या दुकानासमोरच मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात तिथे कूलर येतात, हिवाळ्यात शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी. दुकानदाराला मी भाऊ म्हणते. आज गावाला तो फक्त जळक्या मोटरीत नवी तार भरून देणारा माणूस म्हणून ठाऊक आहे, पण एके काळी तो एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. नागपूर, यवतमाळ, चंद्रपूर, कुठे म्हणून गेला नसेल! लोक विसरले. मी कशी विसरणार? माझ्या लग्नात तोच वाजवत होता आणि सप्तपदीच्या वेळी माझं अर्धं लक्ष तिकडेच होतं. नवऱ्याला हे मी पंचवीस वर्षांनी सांगितलं. तो म्हणाला, "माहं बी."

"भाऊ, मले गिटार शिकाची आहे."

भाऊचे दोन्ही हात मोटरीच्या पोटात होते. वर न पाहता त्याने विचारलं, "कोणाले?"

"मले."

"पोरीले?"

"मले, भाऊ, मले! हे तुमच्या समोर उभी आहे ना, या बाईले!"

"किती दिवसांत?"

"सव्वा महिन्यात."

तेव्हा त्याने मान वर केली. "ताई, सव्वा महिन्यात तं हरभऱ्याले बी धड फूल नाई येत."

मी त्याला सगळं सांगितलं. मावशी, माहेर, पहारा, गच्चीवरच्या चार बायका. सांगताना मी मावशींचा आवाज काढला, जिन्यातल्या तिघींचा काढला. तो हसायला लागला. हसला म्हणजे निम्मं काम झालं. त्याने हात पुसून गिटार घेतली, हलवली, आणि आतून खडखडाट झाला.

"हे गिटार आहे का खुळखुळा?"

झुरळं होऊ नयेत म्हणून मी कधीतरी तिच्या पोटात डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. आम्ही गिटार उलटी धरून एकेक गोळी बाहेर काढली. सात निघाल्या. आठवी आत कुठेतरी अडकली होती, ती पुढे आठवडाभर ठेका धरत राहिली.

भाऊने एकच अट घातली. गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, मोटरींची रांग लागलेली, त्यामुळे तो काम थांबवणार नव्हता. तो तार गुंडाळत राहील, मी वाजवत राहीन, तो ऐकत राहील. दुपारी एक ते तीन माझ्या दुकानात गिऱ्हाईक नसतं. तीच वेळ ठरली.

आता गंमत अशी की मोटर भरणारा माणूस तारेचे वेढे मोजत असतो. एक आकडा चुकला की सगळी कॉइल उकलून पुन्हा भरायची. म्हणजे माझा गुरू तोंडाने सतत आकडे पुटपुटत असे आणि माझ्याशी एक शब्द बोलू शकत नसे! मग त्याने पक्कडीची भाषा काढली. पक्कड टेबलावर एकदा वाजली, टक, म्हणजे बोट सैल आहे. दोनदा वाजली म्हणजे चुकीच्या तारेवर आहे. तीनदा म्हणजे, ताई, हात बाजूला घ्या आणि थोडा वेळ तुमच्या दुकानात जाऊन या. पहिल्या दिवशी ती पक्कड एवढी वाजली की रस्त्यावरून जाणारा एक माणूस आत डोकावून विचारता झाला, "काऊन भाऊ, पत्रा ठोकून राह्यले का?"

"नाई," भाऊ म्हणाला, "संगीत चालू आहे. बासष्ट, त्रेसष्ट..."

बोटांचं काय झालं ते विचारू नका. डाव्या हाताची चार बोटं अशी सुजली की मला कात्री धरवेना. एका बाईला पाऊण मीटरऐवजी एक मीटर अस्तर कापून दिलं. ती खूश झाली. नवऱ्याने माझी बोटं उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, "भांड्यांपासून सुटका पाहिजे होती तं तसं सांगाचं. इतला खटाटोप कायले?" पण त्या दिवसापासून भांडी तोच घासू लागला, हेही इथे नोंदवून ठेवते.

भाऊने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मावशीची पट्टी कोणती?"

पेटीवर पांढऱ्या पट्ट्या सात आणि काळ्या पाच. कोण कुठून गातो ते आम्ही त्याच हिशेबाने सांगतो. मावशींची पांढरी पाच.

"नशीबवान आहा," तो म्हणाला. "पांढरी पाच म्हणजे गिटारीवर जी. जी, सी, डी आणि एक ई मायनर. चार कॉर्ड झाल्या की तुमचा पहारा निघाला. पहिल्या बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबाच्या कॉर्ड तुमाले लागणारच नाई."

त्या आडव्या दाबायच्या प्रकाराचा मी एकदा प्रयत्न करून पाहिला. सहा तारांपैकी दीड वाजली.

दहा-बारा दिवसांत चारही कॉर्ड वाजायला लागल्या. एकीतून दुसरीत जाताना मध्ये एवढा वेळ लागायचा की तेवढ्यात एखादं गिऱ्हाईक फॉल घेऊन परत गेलं असतं, पण वाजायच्या. आणि मग एका मंगळवारी भाऊकडे वार्निश वाळायला ठेवलेलं असल्यामुळे हात रिकामे होते. त्याने मला पहिल्यांदा समजावून सांगितलं की हे सगळं आहे काय.

"पेटीवर सापासून वरचा सा येईपर्यंत काळ्या-पांढऱ्या मिळून किती पट्ट्या?"

"बारा."

"हे पाहा." त्याने गिटारीच्या दांडीवरच्या पितळी आडव्या रेघांमधल्या जागा दाखवल्या. "हे घरं. इथून इथपर्यंत बारा. एक घर म्हणजे एक पट्टी. बास."

मी उडालेच. "म्हणजे भाऊ, गिटार म्हणजे उभी केलेली पेटी!"

"सहा पेट्या," तो म्हणाला. "एकीवर एक."

एवढी वर्षं मी पेटीशेजारी बसून टाळ कुटला आणि मला वाटायचं ते सगळं देवाचं काम आहे, माणसाने त्यात डोकं घालू नये. आणि इथे एक माणूस वार्निशच्या वासात मला घरं मोजून दाखवत होता!

मग त्याने कॉर्डचं पोट उघडलं. "एक सूर घ्या. त्याच्यावर चार घरं चढा, दुसरा सूर. तिथून तीन घरं चढा, तिसरा. तीन जण एका वेळी बोलले की कॉर्ड. चार-तीन असली तं हासते. तीन-चार केली तं रडते."

"बास इतकंच?"

"इतकंच. पण मोजता आलं पाहिजे."

मी म्हणाले, त्यात काय, मी रोज कापड मोजते. आणि मोजलं. आणि असा आवाज निघाला की दुकानाच्या सावलीत बसलेली शेळी उठून चालती झाली. पक्कड थेट तीनदा वाजली. मी पुन्हा मोजलं, पुन्हा तोच आवाज. भाऊने डोक्याला हात लावला. मी जिथे उभी होते ते घरही मोजत होते! आता यात माझी एकटीची काय चूक? आपण सगळेच एका आठवड्याला आठ दिवस आणि दोन आठवड्यांना पंधरा दिवस म्हणणारी माणसं. आजचा दिवस धरल्याशिवाय आपल्याला उद्यावर जाताच येत नाही.

"पाय आहे ते घर सोडा, ताई," भाऊ म्हणाला. "चढणं तिथून पुढे सुरू होते."

त्यानंतर मी सुटले. दुकानात बिलाच्या मागे, ब्लाउजपीसच्या पुठ्ठ्यांवर, जिथे जागा मिळेल तिथे मी बारा पट्ट्या लिहायची आणि चार-तीन, तीन-चार करत बसायची. जीच्या पोटात कोण, सीच्या पोटात कोण, ई मायनरच्या पोटात कोण. आणि एके दिवशी हे लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की जीच्या पोटातला पहिला सूर, म्हणजे मावशींचा सा, सीच्याही पोटात आहे. आणि ई मायनरच्याही!

मी तशीच उठले. गल्ला उघडा, दुकान उघडं, रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्याला मी आडवी गेले.

"भाऊ! हे तं मॅचिंग आहे!"

तुम्हाला सांगते, माझ्या धंद्याचं सगळं गुपित एवढंच आहे. बाईची साडी ठरलेली असते, ती बदलत नाही. मी फक्त त्या साडीत जे रंग आधीच आहेत त्यांतला एखादा उचलून त्याचा ब्लाउज पुढे करते. काठातला लाल घेतला तर साडी सणाची दिसते, बुट्टीतला राखाडी घेतला तर तीच साडी गंभीर होते. साडी तीच! मावशी जेव्हा वर जाऊन तो सा धरून ठेवतात, आम्ही सगळ्या श्वास रोखून बघतो तेव्हा, तो सूर म्हणजे साडी. त्याच्याखाली मी जी घालू शकते, सी घालू शकते, ई मायनर घालू शकते. तिन्ही शोभणार, आणि तिन्ही वेळा मावशी निराळ्या दिसणार. मावशींना पत्ताही नाही!

हे सगळं मी हातवारे करून, ओरडून सांगितलं आणि मग पाहिलं की भाऊ माझ्याकडे अगदी शांतपणे बघतो आहे.

"एकशे चौदा," तो म्हणाला, "का एकशे चोवीस?"

त्याची मोजणी गेली होती. अख्खी कॉइल गेली होती. मी तोंडावर हात ठेवला.

पण तो रागावला नाही. त्याने तार बाजूला ठेवली, हात कापडाला पुसले आणि गिटार मागितली. एवढ्या दिवसांत त्याने ती वाजवली नव्हती, फक्त तारा लावून द्यायचा. म्हणाला, "तुमी सा धरा. सोडू नका."

मी सा धरला. माझा आवाज तुम्ही ऐकलेला नाही हे तुमचं भाग्य. आणि त्याने खाली वाजवायला सुरुवात केली. जी. मग सी. मग ई मायनर. मग मला ठाऊक नसलेल्या कुठल्या कुठल्या, बोटं अशी सरकत होती जणू ती दांडी तुपात बुडवून काढली होती. माझा सूर एकच. हलत नव्हता, सुधारतही नव्हता. पण त्याच्याखाली आधी सकाळ झाली, मग कोणीतरी गाव सोडून गेलं, मग ते परत आलं, मग अंगणात मांडव पडला. मी एकाच जागी उभी होते आणि मला चार घरं फिरवून आणलं! तांब्याच्या तारेने कापलेली, वार्निशने काळी झालेली ती बोटं. श्वास संपला तेव्हा मी थांबले, तोही थांबला.

"इतकी वर्षं काऊन नाई वाजवलं हो भाऊ?"

"कोणी सा धरला नाई," तो म्हणाला, आणि लगेच हसून, "जा आता. एकशे चौदापासून धरतो, शेतकऱ्याचं नशीब."

अर्थात धरलं नाही. कॉइल पूर्ण उकलून त्याने पहिल्यापासून भरली. मी माझ्या दुकानाच्या दारातून पाहत होते.

मंडळाच्या तालमीला मी गिटार नेली तेव्हा मावशींनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. "पेटीसारखी तं दिसत नाई."

"आवाज ऐका ना, मावशी."

मी जी वाजवली. त्यांनी त्यात आपला सा शोधला, तो सापडला आणि त्या गायला लागल्या. एक तास गायल्या. एकही बाई गच्चीवर गेली नाही. शेवटी मावशी मला म्हणाल्या, "चांगलं झालं. हातात काई असलं की तोंड तरी कमी चालते तुहं." हे त्यांच्याकडून मिळालेलं सर्वोच्च प्रशस्तिपत्र होतं आणि मी त्या रात्री ते नवऱ्याला सहा वेळा ऐकवलं.

सप्ताहाच्या दिवशी आम्ही नऊ जणी भाड्याच्या गाडीत कोंबून बसलो. वर्धा, पुलगाव करत रोहण्याला पोचेपर्यंत गिटार माझ्या मांडीवर, तिची मान खिडकीबाहेर. मावशी पुढच्या सीटवर, माहेरच्या लुगड्यात. गावाची वेस दिसली तसा त्यांनी पदर सारखा केला आणि मागे न पाहता म्हणाल्या, "आज सांभाळजो बाप्पा."

त्या मला म्हणाल्या की देवाला, ते कळलं नाही. मी तरी ते माझ्यावर घेतलं.

आता माझी चूक सांगते. एवढी वर्षं पहाऱ्याला जाऊन आलेल्या बाईची चूक. पहारा बदलताना भजन थांबत नाही. येणारं मंडळ जाणाऱ्या मंडळाच्या शेजारी बसतं, त्यांच्या सुरात सूर मिळवून गायला लागतं, आणि मग जाणारे एकेक करून उठतात. सूर तोच चालू राहतो. म्हणजे पट्टी तुम्ही ठरवत नाही. आधीचे देतील ती घ्यावी लागते! इतकी वर्षं हे काम आमच्या पेटीवालीने गुपचूप केलं होतं. ती बसायची, एक पट्टी दाबून पाहायची आणि जुळवून घ्यायची. आम्हाला वाटायचं, आपोआप होतं. आणि मी सव्वा महिना एकच पांढरी पाच घोटून आले होते.

तीनला दहा कमी असताना आम्ही मांडवात बसलो. कोणीतरी माइक माझ्या गिटारीसमोर सरकवला. समोर नामाचा गजर चालू, टाळ दणदणत होते. मी ऐटीत जी वाजवली.

अरे देवा. ती जी कर्ण्यातून अख्ख्या रोहण्यावर गेली आणि आधीच्या मंडळाच्या गाण्याला अशी घासली जशी पत्र्यावर पत्रा. बायका वळून पाहू लागल्या. मावशींनी मान वळवली नाही, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी हात तारांवर ठेवून टाकला आणि खोटं हसत टाळ्या वाजवायला लागले. पलीकडच्या पेटीवाल्या बाईचं बोट पाहिलं. काळी चार.

काळी चार! पांढरी पाचच्या अगदी वर. एक पट्टी. एक घर.

आणि त्या मंडळाचा शेवटचा गजर सुरू झाला होता. तो संपता संपता ते उठणार, पेटी घेऊन जाणार, आणि मावशी आपल्या माहेरात पुन्हा गच्चीकडे निघणार. मला आडव्या बोटाच्या कॉर्ड येत नव्हत्या. तारा पिळून चढवाव्यात तर एखादी तुटली की संपलंच. माझ्या डोक्यात पक्कड वाजत होती, टक टक टक.

मग मी मोजायला लागले. पाय आहे ते घर सोडून. मला सगळंच एक घर वर पाहिजे. जी एक घर वर, सी एक घर वर, डी, ई मायनर, सगळे. मग मी चढायचं कशाला? सगळ्या तारा जिथून सुरू होतात तो वरचा पांढरा पट्टाच जर एक घर पुढे सरकवला तर? तो पट्टा म्हणजे काय, एक आडवी काडी. तिच्यावरून तारा निघतात. मग दुसरी काडी पहिल्या घरात आडवी घट्ट बांधली, तर तारांना वाटेल आपण इथूनच सुरू होतो!

या वस्तूला कॅपो म्हणतात आणि ती बाजारात तयार मिळते, हे भाऊने मला दुसऱ्या दिवशी पोट धरून हसत सांगितलं. त्या दुपारी मात्र माझी खात्री होती की हा शोध जगात पहिल्यांदा रोहण्यात लागतो आहे.

काडी! मी इकडेतिकडे पाहिलं. पहाऱ्यांची यादी सांभाळणारे एक निवृत्त गुरुजी खांबाजवळ रजिस्टर घेऊन बसले होते. रजिस्टरला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. मी गुडघ्यांवर सरकत गेले.

"गुरुजी, पेन्सिल."

"काय लिहाचं आहे?"

"लिहाचं नाई, लावाची आहे."

"कुठे?"

एवढा वेळ कोणाकडे होता? मी दोरा तोडला. गुरुजी 'ओ बाई, ओ बाई' करत अर्धे उठले, पण भजनात ओरडणार कसे? शेजारच्या दोघींच्या वेण्यांची रबरं मी ओढून काढली. एकीने मला चिमटा काढला, तो खूप दिवस निळा होता. पेन्सिल पहिल्या घरात आडवी, दोन्ही टोकांना रबर, मागून पीळ, पुन्हा पीळ. गजर संपत आला होता. पेटी मिटायला लागली होती.

मी तीच जीची बोटं ठेवली, पेन्सिलच्या पुढे, एक घर सरकून. डोळे मिटले. वाजवली.

जुळली! माय वो, अशी जुळली! जाड तार थोडी भुणभुणत होती, मधमाशी अडकल्यासारखी, पण सूर काळी चारच्या नेमका कुशीत. पेटीवाली बाई उठता उठता थांबली, वळून पाहिलं, आणि निवांत चालती झाली. पेटी गेली. गिटार राहिली. मावशींनी एक श्वास घेतला, त्यांनी तो माझ्या कॉर्डवर टेकवला आणि आवाज सोडला.

दोन तास. मी बाहेर पाहिलंच नाही. जिथे मावशींचा सूर लांबला तिथे मी एकदा सी सरकवली, एकदा ई मायनर. दुसऱ्या वेळी मावशींनी गातागाता डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आपल्याखाली कोणी सतरंजी बदलली का असं. मी देवाकडे बघत राहिले.

पाचला पाच कमी असताना पुढचं मंडळ येऊन बसलं. त्यांच्या पेटीवाल्या बाईने आमच्याकडे पेटी नाही हे हेरलं. पेटीशिवाय दोन तास गायलेल्या बायका किती चढल्या असतील याचा अंदाज करून तिने मोठ्या समजूतदारपणे पहिलं बोट काळी पाचवर ठेवलं. जुळेना. पांढरी सहावर आली. जुळेना. मग तिने भुवया उंचावल्या आणि हळूच काळी चार दाबली. मावशी गात होत्या, पण त्यांची नजर त्या बोटावर होती. बोट तिथेच राहिलं, तीन वाजता आम्ही धरली होती त्याच पट्टीवर. भाता भरभरून चालू झाला.

आमच्या बायका एकेक उठायला लागल्या. मावशी उठल्या, पदर खोचला, तडक गुरुजींपुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी अजून वाजवत होते, नव्या मंडळाचे टाळ नीट बसेपर्यंत थांबता येत नव्हतं, पण कान तिकडेच.

"पुढच्या वर्षाचं आमचं नाव लिहून घ्या. तीन ते पाच."

"लिहितो ना, बाई. पण माही पेन्सिल..." गुरुजींनी माझ्या गिटारीकडे बोट दाखवलं.

"तिले हात नाई लावाचा," मावशी म्हणाल्या. "ते कामात आहे."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं. मग आरतीच्या ताटातल्या कुंकवात बोट बुडवलं आणि तीन ते पाचच्या चौकटीत एक लालभडक ठिपका दिला. मावशी वाकून तो नीट पाहत होत्या. मीही पाहत होते, त्यामुळे माझी एक डी साफ चुकली. मांडवात कोणाला कळलं नाही. तुम्हीही कोणाला सांगू नका.